हळदीचा पिवळा, कासचा जांभळा: फोटोतला रंग वाटेत कुठे हरवतो

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असतो तेव्हा खरेदीदार ढिगातलं एखादं हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. बाहेरून हळकुंड पॉलिशच्या ड्रममध्ये घासून उजळ झालेलं असतं, त्यामुळे वरच्या रंगावर जाणकार फारसा विसंबत नाही. या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता शेतकरी गट, बचत गट आणि छोटे उद्योजक तिची पूड थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवू लागले आहेत. त्या गिऱ्हाइकाला हळकुंड मोडून बघता येत नाही. त्याच्यापुढे असतो तो मोबाइलवरचा एक फोटो, आणि त्या फोटोतला पिवळा.

तिकडे साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार आहे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांतलं हे एक. पावसाळा सरत आला की इथल्या फुलांचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. त्यांत सीतेची आसवं एका फोटोत निळी दिसतात, दुसऱ्यात जांभळी, तिसऱ्यात चक्क गुलाबी. हौशी पर्यटकाला त्यानं फरक पडत नसेल, पण फोटो बघून फुलं ओळखायला शिकणाऱ्याची यात दिशाभूल होते.

दोन्हीकडे दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात रंग बिघडतो तो उजेडापासून गिऱ्हाइकाच्या पडद्यापर्यंतच्या वाटेवर, ठरावीक तीन-चार जागी. त्या जागा माहीत असल्या तर साध्या मोबाइलनं काढलेल्या फोटोतला रंगही बराचसा जपता येतो.

आकडे आणि त्यांचं माप

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ मधला. हळदीच्या चांगल्या पुडीचा एखादा ठिपका २२०, १६०, २० असा असू शकतो. तांबडा भरपूर, हिरवा मध्यम, निळा जवळजवळ नाहीच, म्हणून डोळ्याला केशरी झाक असलेला पिवळा दिसतो.

पण २२० म्हणजे नेमका किती तांबडा? यार्डात कोणी नुसतं 'बारा' म्हटलं तर बारा पोती की बारा क्विंटल हे कळल्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही. फोटोच्या आकड्यांचंही तसंच आहे. त्यांच्या मागे माप लागतं, आणि त्या मापाला कलर स्पेस म्हणतात. वेबवरचं रूढ माप म्हणजे एसआरजीबी. ह्युलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ते १९९६ साली सुचवलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. तेव्हाच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला जेवढे रंग दाखवता येत, साधारण तेवढेच त्यात बसवले आहेत. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा जो प्रमाण नकाशा आहे, त्याचा एसआरजीबी जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापतो. छपाईच्या गरजा लक्षात घेऊन अडोबी कंपनीनं १९९८ साली अधिक मोठं माप काढलं, ते अडोबी आरजीबी. अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये डिस्प्ले पी-थ्री असतं. आयफोननं ते २०१६ पासून वापरायला सुरुवात केली.

आता आपला तोच हळदीचा ठिपका घेऊ. एसआरजीबीत २२०, १६०, २० असलेला रंग अडोबी आरजीबीत लिहायचा तर आकडे होतात २०४, १५९, ४४. रंग तोच, माप बदललं म्हणून आकडे बदलले. फाइलसोबत 'हे आकडे अडोबी आरजीबीतले आहेत' अशी चिठ्ठी असेल, तर चांगला ब्राउझर ती वाचतो आणि रंग बरोबर दाखवतो. ही चिठ्ठी म्हणजे आयसीसी प्रोफाइल. अपलोड करताना एखाद्या अ‍ॅपनं किंवा वेबसाइटच्या सॉफ्टवेअरनं ती काढून टाकली, तर बघणारं यंत्र २०४, १५९, ४४ हे आकडे एसआरजीबीतले समजून दाखवतं. तांबडा सोळानं कमी, निळा चोवीसनं जास्त. केशरी झाक जाते, पिवळा मळकट आणि किंचित हिरवट होतो. ताजी हळद दोन वर्षं पडून राहिल्यासारखी दिसू लागते. फोटो काढणारा म्हणतो माझ्या संगणकावर तर छान होता, आणि ते खरंही असतं, कारण त्याच्या संगणकावर चिठ्ठी शाबूत होती.

वेबवर फिका पडलेला फोटो दिसला की पहिला संशय इथेच घ्यावा. कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेससाठी अडोबी आरजीबी निवडलेलं असतं, कारण कोणीतरी 'व्यावसायिक लोक तेच वापरतात' असं सांगितलेलं असतं. जेपेग काढून थेट वेबवर टाकायचं असेल तर तिथे एसआरजीबीच हवं. रॉ फाइल घेणाऱ्याला त्या मेनूची चिंता नको. रॉमध्ये सेन्सरवरची कच्ची नोंद असते आणि माप आपण नंतर ठरवतो.

उजेड

सगळ्यात जास्त रंग मात्र फोटो काढतानाच बिघडतो, आणि तिथला बिघाड पुढे पूर्ण सुधारत नाही.

हळद वाळवायला पसरतात ती बरेचदा ताडपत्रीवर. निळी ताडपत्री शेजारी असली की तिचा निळा उजेड ढिगाच्या कडेवर पडतो आणि पिवळ्यात हिरवट छटा शिरते. दुकानाची रंगवलेली भिंत, अंगातला लाल शर्ट, छपराचा हिरवा फायबरचा पत्रा, सगळेच आपापला रंग मिसळतात. भर दुपारचं ऊन नको, कारण पुडीच्या कणांवर कडक सावल्या पडतात. सावलीतली पण उघडी जागा, किंवा उन्हाची तिरीप थेट येत नाही अशी मोठी खिडकी उत्तम. घरातला एलईडी चालू ठेवून खिडकीचाही उजेड घेऊ नये. दोन वेगळ्या रंगांचे उजेड एकत्र आले की एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. स्वस्त एलईडीत तांबड्या भागाचा उजेड कमी पडतो, आणि हळदीची सगळी ऊब त्याच भागात असते. हळदीतलं कर्क्युमिन अतिनील उजेडात हिरवट-पिवळं चमकतं हेही लक्षात असू द्यावं. उजेड कोणता हा प्रश्न तिच्या बाबतीत इतर मसाल्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

उजेड निवडला की कॅमेऱ्याला सांगावं लागतं की पांढरं म्हणजे काय. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. तो ऑटोवर ठेवला तर कॅमेरा समोरच्या चौकटीचा अंदाज घेतो. साधारण दृश्यात सगळे रंग मिसळून करडा होतो, असं तो धरून चालतो. पण चौकटभर हळदच असेल तर त्याला वाटतं उजेड पिवळा आहे, आणि तो निळा वाढवून पिवळा मारतो. कासवर चौकटभर गुलाबी तेरडा असेल तर तो हिरवा वाढवतो आणि तेरडा विटका दिसतो. रंग जितका एकसारखा आणि पसरलेला, तितका ऑटो व्हाइट बॅलन्स जास्त चुकतो. म्हणजे ज्या रंगासाठी फोटो काढायचा, नेमका तोच मारला जातो.

उपाय स्वस्त आहे. फोटोग्राफीच्या दुकानात करडं कार्ड मिळतं. ते हळदीच्या शेजारी, त्याच उजेडात, त्याच कोनात ठेवून एक फोटो घ्यायचा, मग कार्ड काढून हवे तेवढे फोटो काढायचे. नंतर सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरनं कार्डावर टिचकी मारली की तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे तिथे सारखे होतात, आणि तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना लावता येते. कार्डाऐवजी वहीचा पांढरा कागद वापरू नये. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळवणारी रसायनं घातलेली असतात, ती निळसर चमकतात आणि सगळा हिशेब पिवळ्याकडे झुकतो. हळदीच्या फोटोत ही चूक पटकन लक्षातही येत नाही.

कासवर अडचण वेगळी. सप्टेंबरात तिथे धुकं येतं, फिटतं, मधेच ऊन पडतं, आणि उजेडाचा रंग काही मिनिटांत पालटतो. तिथे सकाळी एकदा कार्ड दाखवून दिवसभर निभावत नाही. उजेड पालटला की पुन्हा कार्ड दाखवायचं, आणि तेही वाटेवर उभं राहूनच, फुलांत पाय न घालता.

एक्सपोजरबद्दल थोडंसं. हळदीच्या फोटोत तांबडा आकडा आधी २५५ ला टेकतो. उजेड आणखी वाढवला तर तांबड्याला वर जायला जागा उरत नाही, हिरवा मात्र चढत राहतो, आणि केशरी पिवळ्याचा लिंबासारखा पिवळा होतो. पुडीचे कण दिसेनासे होतात. म्हणून हिस्टोग्राम बघताना एकच पांढरा आलेख न बघता तिन्ही रंगांचे वेगळे आलेख बघावेत, आणि तांबडा उजव्या भिंतीला आपटत असेल तर एक्सपोजर थोडं उतरवावं. तेरड्यालाही हेच लागू.

जांभळ्याचं कोडं

निळ्या-जांभळ्या फुलांवर जरा जास्त वेळ द्यायला हवा, कारण व्हाइट बॅलन्स अचूक असूनही ती चुकतात, आणि चांगल्या कॅमेऱ्यातही चुकतात.

डिजिटल सेन्सरला मुळात रंग कळत नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये आहे. त्यात हिरव्या गाळण्या तांबड्याच्या आणि निळ्याच्या दुप्पट असतात. या गाळण्या आपल्या डोळ्यासारख्या असाव्यात असा प्रयत्न असतो, पण त्या तंतोतंत तशा नसतात. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाचा उजेड डोळ्याला तांबूस झाक असलेला दिसतो. अनेक सेन्सर तोच उजेड केवळ निळ्यात नोंदवतात. म्हणून जांभळं फूल फोटोत निळं होतं.

उलटंही घडतं. काही निळी फुलं तांबड्याच्याही पलीकडचा उजेड जोरात परावर्तित करतात. आपला डोळा तिथे जवळजवळ आंधळा असतो, पण फिल्म किंवा सेन्सर तो पकडू शकतो. मग निळं फूल गुलाबी दिसतं. फिल्मच्या काळात हा दोष इतका प्रसिद्ध होता की त्याला अजेरेटम या निळ्या फुलाचं नाव पडलं. आजच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच असते, पण ती किती कडक आहे हे प्रत्येक बनावटीत वेगळं. एकाच सकाळी, एकाच ताटव्याशी, दोन जणांच्या फोनमध्ये सीतेची आसवं वेगवेगळी का येतात याचं उत्तर यात आहे.

यावर पूर्ण इलाज नाही. सेन्सरनं जे नोंदवलंच नाही ते सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. बराचसा फरक मात्र कमी करता येतो. कलरचेकर नावाचा २४ चौकोनांचा तक्ता १९७६ पासून वापरात आहे. त्यातल्या प्रत्येक चौकोनाचा रंग मोजून ठरवलेला असतो. तो त्याच उजेडात रॉमध्ये टिपला की सॉफ्टवेअर आपल्या कॅमेऱ्यासाठी दुरुस्तीची प्रोफाइल तयार करतं. त्याउपर उरलेला फरक हातानं दुरुस्त करायचा, फक्त जांभळ्या पट्ट्यातला ह्यू सरकवून, गवत आणि आकाशाला हात न लावता. त्यासाठी आधार हवा. म्हणून फुलाजवळ उभे असतानाच रंगाची नोंद करून ठेवावी: पाकळी निळीकडे झुकते की गुलाबीकडे, गळ्याशी पांढरा आहे का, कडेला गडद आहे का. आठवणीतला रंग घरी पोचेपर्यंत अधिक गडद होतो. म्हणून लिहिलेल्या नोंदीवर विसंबावं.

आपला पडदा

दुरुस्ती ज्या पडद्यावर करायची तोच खोटा असेल तर प्रत्येक दुरुस्ती म्हणजे नवा बिघाड. बऱ्याच फोनमध्ये कारखान्यातूनच रंग भडक करणारा मोड लावलेला असतो. त्यावर हळद आधीच चमकते, म्हणून आपण ती उतरवतो, आणि गिऱ्हाइकाच्या साध्या फोनवर ती मेलेली दिसते. काम करताना नॅचरल मोड लावावा, रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करावा. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण चढवून अंधाऱ्या खोलीत बसलं की सगळेच फोटो गरजेपेक्षा काळे केले जातात.

नियमितपणे हे काम करणाऱ्यानं कॅलिब्रेटर घ्यावा, निदान दोघा-तिघांनी मिळून. पडद्यावर चिकटवलेलं हे छोटं यंत्र रंग मोजतं आणि त्या पडद्याची प्रोफाइल बनवतं. पांढऱ्यासाठी ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान, एवढं ठरवलं की वेबच्या कामाला पुरतं. नवी लेन्स घेण्याआधी कॅलिब्रेटर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

वेबसाठी प्रत काढताना

मूळ फाइल आणि वेबची प्रत या दोन वेगळ्या वस्तू मानाव्यात. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं आहेत. अशा चित्राची कोणी डिजिटल नोंद करायला घेतली, तर जपायची फाइल मोठ्या मापात, १६ बिटमध्ये, रंगतक्ता चौकटीत धरून केली जाईल, आणि लोकांना दाखवायची छोटी प्रत तिच्यावरून काढली जाईल. हळदीच्या आणि फुलांच्या फोटोंनाही तीच शिस्त लावावी.

प्रत काढताना सॉफ्टवेअरमध्ये दोन आज्ञा शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांची गल्लत ठरलेली. 'कन्व्हर्ट' म्हणजे माप बदला, रंग तोच ठेवा, त्यासाठी आकडे नव्यानं मोजा. २०४, १५९, ४४ चे परत २२०, १६०, २० होतात. 'असाइन' म्हणजे आकडे आहेत तसे राहू द्या, फक्त चिठ्ठी बदला. अडोबी आरजीबीतल्या फाइलवर एसआरजीबी असाइन केलं की मघाचा मळकट पिवळा आपण आपल्या हातानं तयार केला असं समजा. आपल्याला हवं असतं ते कन्व्हर्ट. गिंप हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात या दोन्ही आज्ञा आहेत. लाइटरूममध्ये एक्सपोर्ट करताना कलर स्पेसच्या रकान्यात एसआरजीबी निवडलं की कन्व्हर्टच होतं.

मोठ्या मापातून लहान मापात येताना काही रंग बसत नाहीत. गॅमट वॉर्निंग लावली की ते ठिपके वेगळे दाखवले जातात. हळदीच्या ढिगाचा सर्वांत गडद केशरी भाग तिथे उमटला, तर त्या एका रंगाचं सॅच्युरेशन हातानं जरा उतरवावं. तसं न करता कन्व्हर्ट केलं तर जवळजवळचे गडद रंग एकाच रंगावर आपटतात आणि पुडीचा पोत सपाट होतो.

कन्व्हर्ट केल्यावर प्रोफाइल फाइलमध्ये ठेवावी. 'फाइल हलकी करा' म्हणून ती काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, पण एसआरजीबीची प्रचलित प्रोफाइल जेमतेम तीन किलोबाइटची आहे. ती राहिली तर रुंद रंगांच्या मॉनिटरवरही फोटो भडकत नाही. आणि कोणी ती काढलीच, तरी फाइल एसआरजीबीत असल्यामुळे नुकसान थोडं, कारण चिठ्ठी नसलेली फाइल एसआरजीबीतली मानायची, असा वेबचा रिवाज आहे.

डिस्प्ले पी-थ्रीत फोटो टाकावेत का, असं आता विचारलं जातं. फुलांच्या फोटोंना त्याचा थोडा फायदा दिसतो, तोही बघणाऱ्याकडे तसा फोन असेल तर. विक्रीच्या फोटोंसाठी मात्र एसआरजीबी सोडू नये.

जेपेगची एक खोड कासच्या फोटोंत फार जाणवते. फाइल लहान करताना जेपेग उजेडाचा तपशील जपतं, पण रंगाचा तपशील बऱ्याचदा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्मा करतं. हळदीच्या ढिगात ते कळत नाही. हिरव्या गवतातल्या नखाएवढ्या गुलाबी फुलाची कड मात्र गवतात पसरते आणि फूल विटलेलं दिसतं. क्वालिटी चढती ठेवावी, आणि सॉफ्टवेअरमध्ये क्रोमा सबसँपलिंगचा पर्याय असेल तर अशा फोटोंसाठी ४:४:४ निवडावं. फाइल हलकी करायची असेल तर फोटोची लांबी-रुंदी कमी करावी. आधी आकार लहान करायचा, मग जरूर तेवढं शार्पन करायचं, हा क्रम पाळावा.

शेवटी तपासणी. अपलोड झालेला फोटो वेबसाइटवरून परत उतरवून घ्यावा आणि मूळ प्रतीशेजारी उघडावा. वेबसाइटचं सॉफ्टवेअर स्वतःच्या लहान प्रती बनवतं, आणि प्रोफाइल हरवते ती बहुधा तिथेच. आपल्या, घरच्यांच्या आणि शेजाऱ्याच्या, अशा तीन वेगळ्या फोनवर तो बघावा. तिन्हीकडे थोडा फरक दिसणारच. एका बाजूला सगळे झुकत असतील तरच फाइलकडे परत जावं.

हळद विकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फोटो खुलावा म्हणून सॅच्युरेशनचा काटा चढवू नका. हळदीत मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेटसारखे घातक रंग मिसळल्याची प्रकरणं लोकांना माहीत आहेत, आणि अति चमकदार पिवळा बघून जाणतं गिऱ्हाईक आता दचकतं. फोटो वेबसाइटवर चढवण्याआधी त्याच घाण्यातली चमचाभर पूड पांढऱ्या बशीत काढा, दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसा आणि पडद्याशेजारी धरा. दोन्ही जुळत नसतील तर फोटो बदला.